चर्चा धागा: ‘जर्मनीचं दार बंद’ म्हणणाऱ्यांनी आधी नियम वाचावेत

कॉलेजरोडकर
काल इथे ‘नाशिककरांनो, जर्मनीचा नाद सोडा’ अशी पोस्ट पडली. मुद्दे तीन: ३ वर्षांत नागरिकत्व बंद झालं, व्हिसा नाकारल्यावर दाद मागायची सोय गेली, आणि आयटीआयच्या पोरांनी एपीएसचे, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या दाखल्याचे, १८ हजार रुपये पाण्यात घालू नयेत. वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

तिसरा मुद्दा साफ चुकीचा आहे. एपीएस लागतं ते तिकडे शिकायला जाणाऱ्यांना, १ नोव्हेंबर २०२२ पासून. फिटर किंवा इलेक्ट्रिशियन म्हणून जाणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. नागरिकत्वाचं म्हणाल, तर जून २०२४ मध्ये अट ८ वर्षांवरून ५ वर आली आणि उत्तम जर्मन येणाऱ्यांना ३ वर्षांची वाट मिळाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये काढली ती फक्त ३ वर्षांची वाट. ५ वर्षांची अट कायम आहे. शिवाय सातपूरहून निघालेल्या पोराला आधी हवा असतो कायम राहण्याचा परवाना. ब्लू कार्डवर (मुख्यतः डिग्रीवाल्यांचा नोकरीचा परवाना) जर्मन भाषा बी१ पातळीची असेल तर २१ महिने, ए१ म्हणजे अगदी पहिल्या पातळीची असेल तर २७ महिने, आणि इतर कुशल कामगाराला ३ वर्षं. यात कुठे दार बंद झालं?

पंचवटीकर
कालची पोस्ट माझी होती. एपीएसची चूक कबूल. पण दुसऱ्या मुद्द्यावर तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत, आणि खरा घाव तिथेच आहे. १ जुलै २०२५ पासून फेरविचाराचा अर्ज जगभर बंद झाला. आधी नकार आला की एक पत्र लिहायचं, राहिलेला कागद जोडायचा, फी लागायची नाही. आता दोनच वाटा. पुन्हा ७५ युरो भरून नवा अर्ज करा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावा. अंबडच्या कामगाराच्या पोराने बर्लिनला वकील लावायचा का?

कॉलेजरोडकर
त्या फेरविचारात महिनोन्महिने जायचे. ते बघणारी दूतावासातली माणसं आता नव्या अर्जांवर बसतात. शिवाय २०२५ पासून अर्ज ऑनलाइन भरला जातो. अपुरी फाइल आधीच लक्षात येते आणि कागद मागून घेतात.

सातपूर टूलरूम
दोघंही डिग्रीवाल्यांच्या चष्म्यातून बघताय. नाशिकमधून संधी कार्डाची, म्हणजे तिकडे जाऊन नोकरी शोधायच्या परवान्याची, चौकशी सगळ्यात जास्त आयटीआयवाले करतात आणि त्यांची गाडी पहिल्याच पायरीवर अडते. शिक्षण किमान २ वर्षांचं आणि सरकारमान्य हवं, तसा परदेशी शिक्षण तपासणाऱ्या जर्मनीच्या केंद्रीय कार्यालयाचा दाखला हवा. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड २ वर्षांचे. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, प्लंबर १ वर्षाचे. वेल्डरला संधी कार्ड मिळत नाही, आणि हे त्याला कोणी सांगत नाही. तो ए१ ची फी भरतो, परीक्षेसाठी पुण्याला खेटे घालतो आणि मग कळतं.

अंबड लिंक रोड
वेल्डरने १ वर्षाची अप्रेंटिसशिप केली की २ वर्षं होतात ना?

सातपूर टूलरूम
असं परस्पर गणित मांडू नका. ट्रेडची मुदत वेगळी, अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र वेगळं. दाखला हातात आल्याशिवाय पुढे एक रुपया खर्च करू नये. वेल्डरसाठी सरळ रस्ता आउसबिल्डुंगचा, म्हणजे तिकडच्या कंपनीत पगार घेत शिकण्याचा: बी१ भाषा, तिकडच्या कंपनीचा करार, आणि पगार कमी पडला तर फरकाची रक्कम ब्लॉक्ड अकाउंटला (आधी पैसे भरून ठेवायचे, ते दर महिन्याला थोडे थोडे मिळतात असं खातं). वाट लांब, पण खरी.

पंचवटीकर
म्हणजे माझंच म्हणणं खरं. सामान्य पोरासाठी दार बंदच आहे.

सातपूर टूलरूम
अहो, नाही! संधी कार्ड गुणांवर मिळतं. २६ वर्षांचा फिटर घ्या. ३५ च्या आत वय, २ गुण. गेल्या ७ वर्षांत ५ वर्षं त्याच कामाचा अनुभव, ३ गुण. झाले ५. लागतात ६. भाषेच्या ए१ ला गुणच नाही, त्याच्या वरच्या ए२ ला १ आहे. म्हणजे ए१ वर थांबणारा ५ वर अडकतो आणि ए२ करणारा आत जातो. हे क्लासवाले सांगत नाहीत.

आणि अनुभवाचं पत्र! आपल्या एमआयडीसीत पोरगं व्हीएमसी (संगणकाने चालणारं मिलिंग मशीन) चालवतं, पण नोंद ठेकेदाराकडे ‘हेल्पर’ म्हणून. पीएफही ठेकेदाराच्या नावावर. असं पत्र लावलं की ते ३ गुण गेलेच समजा. पत्रावर कामाचं नेमकं स्वरूप, मशीनचं नाव, तारखा, आठवड्याचे तास आणि सहीशिक्का हवा, आणि तारखा पीएफच्या पासबुकाशी जुळायला हव्यात. फेरविचार बंद झाल्याचा फटका बसतो तो इथे. पूर्वी सुधारलेलं पत्र मागाहून जोडता यायचं.

कॉलेजरोडकर
हे मान्य करावं लागेल. डिग्रीवाल्याकडे विद्यापीठाचा कागद असतो, फिटरची सगळी भिस्त ठेकेदाराच्या सहीवर. त्याच्यासाठी १ जुलैचा बदल जास्त कठोर आहे.

अंबड लिंक रोड
एजंटांचं काय? लाखांत पैसे मागतात आणि ‘नोकरीची हमी’ म्हणतात. संधी कार्ड नोकरी शोधण्यासाठी आहे, मुदत जास्तीत जास्त १ वर्ष. आठवड्याला २० तास अर्धवेळ काम आणि एका मालकाकडे २ आठवडे चाचणी. हमी कुठून आणली? परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला परवाना लागतो आणि त्याच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३० हजार अधिक जीएसटी आहे. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर परवाना क्रमांक तपासा. क्रमांक दाखवत नसेल तर उठून या.

म्हसरूळची सिस्टर
नर्सिंगवाल्यांना संधी कार्डाच्या नादाला लावू नका, तो रस्ताच वेगळा. आधी पात्रतेची तपासणी, मग उणिवांचा आदेश (काय कमी पडतं ते सांगणारा), मग तिकडे जाऊन पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा. नोंदणीला साधारण बी२ लागतं. बी.एस्सी.वाल्यांनी आरोग्य विद्यापीठातून विषयवार तासांचा तपशील आधीच काढून ठेवावा. विद्यापीठ इथेच आहे, एवढी तरी आपली सोय. थिअरी आणि प्रात्यक्षिकाचे तास वेगळे दाखवलेले नसले की उणिवांची यादी लांबते.

पंचवटीकर
पैशांचं कोणीच बोलत नाही. २०२५ च्या दराने संधी कार्डाला राहण्या-खाण्यासाठी महिना १,०९१ युरो दाखवावे लागतात, वर्षाचे १३,०९२ युरो. म्हणजे १३ लाखांच्या वर. कोणता फिटर एवढे आणणार? शेत गहाण टाकूनच ना?

सातपूर टूलरूम
ते पैसे दर महिन्याला परत हातात येतात, फी नाही ती. अर्धवेळ कामाचा करार आधीच मिळाला तर तेवढी रक्कम कमी दाखवता येते. पण कर्ज काढून जाऊ नये, इथे तुमचं बरोबर. वर्षात नोकरी लागली नाही तर हप्ते मागे राहतात.

पंचवटीकर
बरं. ‘नाद सोडा’ हे शब्द मागे घेतो. पण तुमच्या शीर्षकातून ‘वेल्डर’ गायब आहे, आणि धागा वाचणार तोच. वरच लिहा, की १ वर्षाच्या ट्रेडवर संधी कार्ड मिळत नाही.

कॉलेजरोडकर
शीर्षक बदलत नाही. पहिल्या ओळीत हे घालतो, आणि त्याखाली ए२ चा गुणही.