आकाशदर्शनात पोट्ट्यांना एक्सरेवाले जोडतारे दाखवायचे की नाही?

वावरातला_दुर्बीणवाला: माझं मत आहे की दिवाळीच्या सुट्टीत शनीची कडी दाखवून पोट्ट्यांना घरी पाठवणं बस झालं, यंदा एएम हर्क्युलिस ही ताऱ्यांची जोडी घ्या. अभिजित ताऱ्याच्या उत्तरेला शौरी मंडलात आहे, तीनशेच्या आसपास प्रकाशवर्षं दूर. एक श्वेत बटू, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा पृथ्वीएवढा गाभा, अन् एक लाल बटू, म्हणजे लहान, थंडसर लाल तारा, दोघं साधारण 3 तास 6 मिनिटांत एकमेकांभोवती फिरतात. श्वेत बटू लाल बटूचा वायू ओढतो, पण त्याचं चुंबक पृथ्वीच्या कोट्यवधी पट जबर, त्याच्यामुळे वायूची चकती बनतच नाही, सरीतून पाणी जावं तसा तो थेट ध्रुवावर जाऊन आदळते, तापमान कोट्यवधी अंशांवर जाते अन् तिथूनच एक्सरे निघतात. हे ऐकून कोणतं पोट्टं गप बसेल सांगा!

कापूसवाला_यवतमाळ: भाऊ, एक्सरे हवेतच अडतात, जमिनीवर येतच नाहीत, मंग दाखवता काय? दुर्बिणीत तेराव्या प्रतीचा (प्रत म्हणजे चमकेचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा फिका) ठिपका, कधी तर पंधराव्या प्रतीपर्यंत उतरते. शनी दिसला की पोरगं ओरडते, त्याची आई पण रांगेत लागते, ते काहून सोडायचं? आमच्याकडं आठवीच्या पोराले ग्रहण कसं लागते ते सांगता येत नाही.

वावरातला_दुर्बीणवाला: एक्सरे अडतात म्हणूनच तर 2015 ला अॅस्ट्रोसॅट हा भारताचा दुर्बिणीवाला उपग्रह वर पाठवला ना, त्याच्यावरची सॉफ्ट एक्सरे दुर्बीण मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत बनली, हे पण पोरांना सांगाच. अन् साधा उजेड बी कमीजास्त होते, दुर्बिणीला कॅमेरा लावून दर दोन मिनिटाला फोटो काढा, बाजूच्या ताऱ्याशी ताडून पाहा, तीन तासात एका फेरीचा आलेख हातात. एआर स्कॉर्पियाय नावाचा तारा माहीत आहे? कित्येक वर्षं तो साधा रूपविकारी, म्हणजे चमक कमीजास्त होणारा तारा समजत होते, 2015 मध्ये युरोपातल्या हौशी लोकांनीच त्याची विचित्र चमक पकडली, 2016 ला कळलं की दर दोनेक मिनिटांनी लुकलुकणारा चुंबकीय श्वेत बटू आहे! पगारी शास्त्रज्ञ नव्हते ते.

शाळेवाली_ताई: तीन तास कोण थांबेल दादा, पोरी आठला घरी पाहिजेत, नाहीतर पुढच्या वेळी कोणी पाठवणार नाही. अन् चौकात हायमास्ट लागल्यापासून तेरावी प्रत विसरा. पेंचच्या जंगलाला 2024 मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं आभाळ काळोखं राखलेल्या जागेचा, दर्जा भेटला, तिथं जमेल, पण गाडीचं भाडं कोण देते?

वावरातला_दुर्बीणवाला: ताई, पोरींचं बरोबर आहे. मग सगळ्यांना शनी दाखवा, अकरावी-बारावीचे चारपाच जण पालकांसोबत माझ्या वावरात येऊ द्या, तिथं हायमास्ट पोचत नाही.

कापूसवाला_यवतमाळ: पहिले तुम्ही तो आलेख काढून इथं टाका, मंग पोरांचं बोलू. माझं मत तेच आहे, शनी पहिले.