सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यात ऑफिस करायचंय, सल्ला हवा

पेठकर:
नमस्कार. आजोबांनी बांधलेला दुमजली वाडा आहे. 2 फुटी दगडी भिंती, दगडांच्या सांध्यांत चुन्याची दर्जबंदी, वर कडीपाट (लाकडी तुळया-फळ्यांचं छत) आणि त्यावर माळवद (मातीचं सपाट धाबं). टॉवेल निर्यातीचं आमचं 8 जणांचं ऑफिस तिथं हलवतोय. इंटिरियरवाले भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि सगळीकडं जिप्समचं फॉल्स सीलिंग सुचवतात. आजी म्हणते, वाड्याचा जीव गुदमरेल. काय करावं?

चुनखडी:
आजींचं ऐका. दगड-चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि हळूहळू बाहेर सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) लागतो आणि काही पावसाळ्यांत पोपडे पडायला लागतात. गिलावा चुन्याचाच करा, वर चुन्याची सफेदी. ऑइलपेंट अजिबात नको. गवंड्याला चुना किती दिवस भिजवतोस ते आधी विचारा. 'उद्याच काम सुरू करू' म्हणाला तर दुसरा बघा.

बाळीवेस:
फॉल्स सीलिंग कृपा करून नको. आम्ही केलं होतं. गळती आणि वाळवी सीलिंगच्या वर लपून राहिली. तुळईचं भिंतीतलं टोक कुजलेलं कळलं तेव्हा टेकू लावायची वेळ आली होती. कडीपाट उघडा ठेवा, साफ करून तेलपाणी करा, दिवे खाली लोंबते सोडा. वायरिंग भिंतीवरून पाइपातून न्या, दगडात खोबणी पाडू नका. काचेची पार्टिशनं जमिनीवर उभी करा, भिंतीला ठोकू नका. कोनाडे बुजवायचे नाहीत, फायली त्यातच छान बसतात.

पेठकर:
खूप आभार. पण एसीचं काय? मे महिन्यात आपल्याकडं पारा 42 च्या पुढं जातो.

चुनखडी:
माळवदाची जाड माती दुपारचं ऊन उशिरा आत पोचवते, त्यामुळं एसी लहान चालेल. त्याचं बाहेरचं युनिट मात्र माळवदावर ठेवू नका. वजन, थरथर, वर माणसांची ये-जा, सगळंच वाईट. खाली चौकात ठेवा. आवाज घुमत असेल तर इथल्याच विणकरांची जाड वॉल हँगिंग लावा. आणि सगळ्याआधी तुळया स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. माळवद गळू नये म्हणून त्यावर पांढरी माती मृगाच्या आत पडलीच पाहिजे.

पेठकर:
आजीला सगळं वाचून दाखवलं. पांढरी माती कुठून आणायचे ते तिला अजून आठवतंय. रविवारी तिला गाडीत घालून तिकडं जातोय.