डर्ट रॅली २.०: खडीवर गाडी आधी सरळ पळते, मग गर्रकन फिरते. चुकतंय कुठं?

पूर्वभाग_पॅड
नमस्कार मंडळी. लॅपटॉपवर डर्ट रॅली २.० हा रॅली रेसिंगचा गेम, हातात एक्सबॉक्सचा पॅड, गाडी फोर्ड फिएस्टा आर५, म्हणजे चारही चाकं ओढणारी. स्पेनच्या डांबरावर गाडी ऐकते. न्यूझीलंडच्या खडीवर गेलं की स्टिअरिंग पूर्ण वळवूनही नाक सरळच पळतं. हॅण्डब्रेक ओढला तर गाडी उलट्या तोंडानं उभी. ब्रेक अजून उशिरा मारून बघतोय, पण वेळ काही कमी होईना. सेटअपला, म्हणजे गाडीच्या ब्रेक-गिअर-स्प्रिंगच्या जुळणीला, हात लावलेला नाही. सेटअप बदलू की सरळ स्टिअरिंग व्हील घेऊ?

हॅण्डब्रेक_अण्णा
आत्ता दोन्ही नको. "ब्रेक अजून उशिरा" इथंच सगळी मेख आहे भावा.

टायरकडं पकड मोजकीच असते. ती सगळी ब्रेकला खर्च केली तर वळायला काय उरणार? पुढची चाकं लॉक झाली की ती खडी ढकलत सरळ जातात, मग स्टिअरिंग कुठंही असो. डांबरावर पकड जास्त, म्हणून स्पेनमध्ये हीच चूक खपून जाते.

ब्रेक गाडी सरळ असतानाच मारा. सुरुवातीला जोरात, मग वळणाच्या तोंडाशी येईपर्यंत पॅडचा डावा ट्रिगर (ब्रेक) हळूहळू सोडत आणा. एकदम सोडू नका. थोडा ब्रेक शिल्लक असताना वजन पुढच्या चाकांवर असतं, स्टिअरिंग द्यायची वेळ तीच. नाक आत येतं आणि मागची बाजू हलकी होऊन थोडी बाहेर सरकते. सरकली की स्टिअरिंग सरळ करत ॲक्सिलरेटर द्या. चारही चाकं ओढणारी गाडी ॲक्सिलरेटरनं सरळ होते. पण स्टिअरिंग वळलेलंच ठेवून गॅस दिलात तर परत नाक बाहेर.

लांब वळणात मध्येच नाक बाहेर जायला लागलं तर गॅस पूर्ण सोडू नका. उजवा ट्रिगर (गॅस) अर्धा तसाच ठेवून डाव्यानं हलका ब्रेक द्या. खऱ्या गाडीत डाव्या पायानं ब्रेक मारतात ते हेच.

हॅण्डब्रेक फक्त हेअरपिनला, म्हणजे रस्ता जवळजवळ उलटा फिरतो त्या वळणाला. क्रम असा: ब्रेक, गिअर खाली, स्टिअरिंग, गाडी वळायला लागली की मग हॅण्डब्रेक, तोही अर्धा सेकंद. वळायच्या आधी ओढला तर मागची चाकं नुसती फरफटतात. जास्त वेळ धरला तर उलटं तोंड ठरलेलं. ३ नंबरच्या, म्हणजे मध्यम वळणाला हॅण्डब्रेक लागत असेल तर तुम्ही आत शिरतानाच जास्त वेगात आहात.

नोट्स_आधी
अण्णांचं बरोबर, पण ब्रेक कुठं मारायचा हे डोळ्यांनी ठरवायला गेलात तर उशीरच होणार. ते कानानं ठरतं. गेममधला को-ड्रायव्हर, म्हणजे शेजारी बसून पुढची वळणं वाचून दाखवणारा, फिल मिल्स आहे, ड्रायव्हर पेटर सोल्बर्गबरोबर २००३ ची जागतिक रॅली स्पर्धा जिंकलेला. तो सांगतोय ते ऐका.

१ म्हणजे खूप तीव्र वळण, ६ म्हणजे जेमतेम वळण. हा आकडा वळणाचा आहे, गिअरचा नाही, इथं बरेच जण फसतात. कुठल्या आकड्याला कुठला गिअर हे प्रत्येक गाडीला वेगळं, एकदा कागदावर लिहून काढा. मधे येणारा ६० किंवा १०० हा पुढच्या वळणापर्यंतचा मीटरमधला सरळ रस्ता. "इनटू" ऐकलं की सरळ रस्ता मिळणारच नाही, म्हणजे पहिल्या वळणातून बाहेर पडताना गाडी दुसऱ्यासाठी योग्य बाजूला हवी. "टाइटन्स" म्हणजे वळण पुढं आवळतं. ४ टाइटन्स असेल तर ३ समजूनच शिरा. "डोन्ट कट" म्हणजे आतल्या कडेला दगड, ओंडका किंवा खड्डा आहे. तिथं हाव केली की टायर गेला.

सेटिंगमध्ये को-ड्रायव्हरची सूचना लवकर मिळेल असं करा. इंजिनाचा आवाज कमी, त्याचा पूर्ण. आपल्याकडं सोलापुरात डोक्यावर पंखा, शेजारी कूलर आणि पूर्व भागात त्यात यंत्रमागाच्या खडखडीची भर, त्यामुळं स्पीकरवर निम्म्या सूचना जातात. इअरफोन लावाच.

जुळे_सोलापूर_९००
पॅडबद्दल कुणी बोललंच नाही. कंट्रोलरच्या प्रगत सेटिंगमध्ये स्टिअरिंगची लिनिॲरिटी अशी ठेवा की पॅडवरची काठी अर्धी ढकलल्यावर चाकं अर्ध्यापेक्षा कमी वळतील. मधला भाग मऊ झाला की सरळ रस्त्यावरची नागमोड बंद होते. डेडझोन, म्हणजे काठी हलूनही गाडी दाद देत नाही तो मधला भाग, शून्याकडं आणा. काठी मोकळी सोडल्यावर गाडी स्वतःहून वळायला लागली तर १-२ नं वाढवा.

एप्रिल-मेमध्ये लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. मग स्टेजच्या (एका शर्यतीच्या रस्त्याच्या) दुसऱ्या अर्ध्यात फ्रेम पडतात, म्हणजे चित्र अडखळतं, आणि ब्रेक उशिरा लागल्यासारखं वाटतं. मागची बाजू दोन इंच उचला, फ्रेम सेकंदाला ६० वर बांधा, सावल्या आणि प्रेक्षक कमी करा. टीव्हीला जोडला असेल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबणं आणि चाक वळणं यात अंतर पडतं.

व्हील पुढं घ्यायचं तर लॉजिटेक जी२९ पुरतं. ड्रायव्हरमध्ये ९०० अंश आणि गेममध्ये सॉफ्ट लॉक चालू ठेवा, म्हणजे प्रत्येक गाडीला तिच्यापुरतंच फिरतं. कोलिजनचा, म्हणजे गाडी आपटल्यावर व्हीलला बसणाऱ्या झटक्याचा, जोर कमी करा, मनगट वाचेल. पेडल फरशीवर सरकतात, आणि खाली चादर टाकाल तर अजूनच सरकतील. रबरी मॅट टाका किंवा पेडल भिंतीला टेकवा.

हॅण्डब्रेक_अण्णा
आणि आर५ महिनाभर बाजूला ठेवा. लान्सिया फुल्विया घ्या. ताकद कमी, पुढची चाकं ओढणारी, चूक केली की लगेच नाक बाहेर काढून दाखवते. टाइम ट्रायलमध्ये (नुसत्या घड्याळाविरुद्ध) एकच छोटी स्टेज, रोज पाच वेळा. पहिल्या दोन खेपा कुठंही न आपटता, वेळ न बघता.

नोट्स_आधी
फुल्वियाला माझी हरकत आहे. वजन कसं हलवायचं हे मागची चाकं ढकलणारी एस्कॉर्ट मार्क टू जास्त शिकवते. गॅस कधी सोडायचा ते फुल्वियात कळतच नाही, कारण सोडावाच लागत नाही.

हॅण्डब्रेक_अण्णा
एस्कॉर्ट नवीन माणसाला पहिल्याच दिवशी खड्ड्यात घालते. आधी फुल्विया, मग एस्कॉर्ट. क्रमावर भांडू नका.

पूर्वभाग_पॅड
फुल्वियावर चार दिवस झाले, वळणं बरीच सुधारली. धन्यवाद अण्णा. परत आर५ वर बसलो तर नवीन दुखणं: क्रेस्टवरून, म्हणजे चढाच्या टोकावरून, उडी झाली की नाकावर आपटते, नाहीतर उतरताना एका बाजूला फेकली जाते. आणि आता तरी सेटअप बघू का?

जुळे_सोलापूर_९००
नाकावर आपटते कारण चढाच्या टोकावर ब्रेक मारताय. वजन पुढं गेलेलं असतानाच चाकं हवेत जातात. ब्रेक त्याच्या बराच आधी संपवा आणि टोकावर हलका गॅस असू द्या. बाजूला फेकली जाते कारण उतरताना चाकं वळलेली असतात. हवेत काठी मोकळी सोडा, जमिनीला टेकल्यावर मग वळा. क्रेस्टनंतर लगेच वळण सांगितलं असेल तर गाडीचं तोंड उडीच्या आधीच त्या दिशेला करून ठेवायचं.

सेटअपमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदला, तीच स्टेज दोनदा चालवा, मगच दुसरी. पहिली ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर किती वाटायचा ते. एक-दोन घर मागं नेला तर नाक सहज आत येतं. जास्त नेला तर ब्रेकवरच गाडी फिरेल. दुसरी गिअरिंग. सरळ रस्त्याच्या शेवटी शेवटचा गिअर लागतच नसेल तर गिअर आखूड करा. अर्जेंटिनाच्या अरुंद दगडी वळणांना आखूड, पोलंडच्या मोकळ्या रस्त्याला लांब. खडीवर स्प्रिंग मऊ आणि गाडी उंच, स्पेनला कडक आणि खाली. स्पेनचा सेटअप तसाच न्यूझीलंडला नेलात तर पोट घासत उड्या मारेल. डिफरेन्शियलला (चाकांत इंजिनाची ताकद वाटणारा भाग) सध्या हात लावू नका.

पूर्वभाग_पॅड
बायस दोन घर मागं, बाकी जैसे थे. आज रात्री लाइट राहिली तर वेळ टाकतो इथं.