दोन इंच खाली घेतलेली पिकअप आणि 'जाड तेल टाका' हा सल्ला

अंबडकर
परवा पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर एका महाशयांनी ज्ञान वाटलं. त्यांनी इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप दोन इंच खाली घेतली. पुढची स्प्रिंग कापली, मागचा एक पाटा (पट्टीची स्प्रिंग) काढला, बंप स्टॉप, म्हणजे शेवटचा ठोका झेलणारे रबर, अर्धे छाटले. शॉकअप कंपनीचेच ठेवले, फक्त रिकंडिशन करून आत जाड तेल भरलं. वर शेरा: 'गाडी रस्त्याला चिकटून पळते, बिलस्टीन-कोनीच्या महागड्या शॉकअपवर पैसे घालवणारे येडे आहेत.' खाली अंगठ्यांची रांग. मी उत्तर दिलं तर ॲडमिनने 'वाद नको' म्हणून उडवलं. म्हणून इथे.

गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही. ते काम स्प्रिंगचं आणि पाट्यांचं. शॉकअप फक्त हेलकावा जिरवतो. मागे दोन इंच खाली घेतलं की दांडा जवळजवळ तेवढाच आत जाऊन बसतो. लांब व्हायला जागा भरपूर आणि दबायला जागाच नाही, ही तिथली अवस्था. आधी खड्ड्यात बंप स्टॉपचं रबर मार खायचं. ते छाटल्यावर पिस्टन थेट तळातल्या व्हॉल्व्हवर आदळतो.

हे पुस्तकातून सांगत नाही. माझ्या आधीच्या पिकअपला मी हेच केलं होतं. रिकंडिशनवाल्याने मायेने तेल काठोकाठ भरलं. बाकावर दांडा दाबून बघितला तर अर्ध्यात टण्णकन थांबला. तो म्हणाला, 'बघा कसा टाईट झालाय!' मीही खूश. अहो, दांडा आत जातो तेव्हा तेवढ्या तेलाला जागा लागते. साडेबारा मिलीमीटरचा दांडा २०० मिलीमीटर आत गेला की २५ मिलीच्या आसपास तेल सरकतं. म्हणून डबल ट्यूबमध्ये (नळीत नळी असलेल्या शॉकअपमध्ये) वर हवा ठेवतात. माझ्यात हवाच नव्हती. कसारा घाट उतरताना सीलने तेल ओकलं आणि मागचं डावं चाक बेडकासारखं उड्या मारायला लागलं. शेजारी बायको बसलेली. पुढचे चार दिवस घरात काय ऐकलं ते इथे लिहीत नाही.

टॉर्कराव
ते महाशय मीच. पाठीमागे बोलण्यापेक्षा फोन करायचा ना दादा, नंबर आहे तुमच्याकडे.

तुमच्या रिकंडिशनवाल्याला तेल मोजता येत नाही, त्यात माझी काय चूक? माझ्या माणसाने मापाच्या भांड्याने भरलंय. आठ महिने झाले, एक थेंब गळती नाही. पेठ रोडला वळणावर आधी गाडी कलायची, आता कलत नाही. बिलस्टीनला जेवढे लागले असते तेवढ्यात माझे चार टायर आले. पगार सगळ्यांचा सारखा नसतो.

शेतकरी१५
मला एक कळत नाही. पिकअप घ्यायची आणि खाली घ्यायची? हौद्यात काय ठेवता, परफ्यूम?

टॉर्कराव
@शेतकरी१५ जगात अशा गाड्या कंपन्यांनी स्वतः काढल्यात. जीएमसी सायक्लोन, १९९१. टर्बो व्ही-६, २८० हॉर्सपॉवर, खाली बसवलेली पिकअप. त्या काळात फेरारी ३४८ च्या शेजारी उभी करून पळवली लोकांनी.

शेतकरी१५
आणि हौद्यात किती माल चालायचा ते नाही सांगितलं. ५०० पौंड. म्हणजे २२७ किलो. माझे द्राक्षाचे अकरा क्रेट. बाराव्या क्रेटला दुसरी गाडी करायची का?

बेंचवरचा_माणूस
शॉकअप बनवणाऱ्या कारखान्यात २२ वर्षं टेस्ट बेंचवर काढली, म्हणून बोलतो.

टॉर्कराव, तुमची गाडी वळणावर कलत नाही हे मी मानतो. जाड तेलाने हळू हालचालीतला विरोध वाढतो, आणि कलणं ही हळूच हालचाल. पण तेल दाबायच्या बाजूला वेगळं आणि सुटायच्या बाजूला वेगळं भरता येत नाही, दोन्ही बाजू कडक होतात. त्यात तुम्ही पाटा काढलाय. मागची स्प्रिंग मऊ झाली. मऊ स्प्रिंगला डॅम्पिंग (हेलकावा जिरवणारा विरोध) कमी लागतं, तुम्ही वाढवून ठेवलंत. मग एकामागोमाग खड्डे आले की दबलेला शॉकअप परत लांब व्हायच्या आत पुढचा खड्डा येतो. गाडी दर खड्ड्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि चौथ्या-पाचव्याला ठोका बसतो. 'गाडी रस्त्याला चिकटते' ती हीच.

घाटात तेल तापलं की पातळ होतं, तेव्हा आपण जे कमावलं होतं तेही जातं.

अंबडकर, तुम्हालाही एक. बंप स्टॉप छाटणं हा गुन्हा नाही. शॉकअप आखूड बसवला तर स्टॉपही आखूड करावाच लागतो, नाहीतर गाडी कायम रबरावर बसून चालेल. चूक अशी की स्टॉप कापला आणि शॉकअप लांबच ठेवला.

अंबडकर
ठीक आहे, स्टॉपचं मान्य. मी तसं लिहायला हवं होतं. बाकी एक अक्षर मागे घेत नाही.

मिसळप्रेमी
वेल्डरकडे जा, शॉकअपचं वरचं ब्रॅकेट आत सरकवून तिरकं लाव. लांबी आपोआप बसते. माझ्या चुलतभावाने केलंय.

बेंचवरचा_माणूस
किती तिरकं? ३० अंश झुकवला तर चाकाला मिळणारं डॅम्पिंग पाऊण राहतं. ४५ ला निम्मं. चुलतभावाला विचारा, निम्मा शॉकअप कुठे गेला म्हणून.

शेतकरी१५
मुळात तुमचं सगळं भांडण गतिरोधकामुळे आहे हे कुणी बोलतच नाही. आमच्या दिंडोरी रोडला एका वस्तीसमोर लोकांनी रातोरात सिमेंटचा बांध घातलाय. गेल्या हंगामात माझी गाडी त्यावरून गेली आणि मार्केटला पोचेपर्यंत क्रेटच्या तळाशी मण्यांचा थर. घड नुसते देठ घेऊन बसलेले. व्यापाऱ्याने भाव पाडला. मणीगळ औषधाने थांबते म्हणतात, सिमेंटच्या बांधावर कुठलं औषध?

वस्तीवाला
तो बांध आम्ही घातलाय. मी स्वतः घमेली उचलली. का, ते ऐका. तुमच्यासारखा एक पिकअपवाला सकाळी मार्केट गाठायच्या घाईत आला आणि शेजारच्या पोराचा पाय मोडला. सातवीतलं पोर, तीन महिने घरी. तुमच्या मण्यांचा हिशोब करा, आम्ही पायांचा करतो.

शेतकरी१५
तो मी नव्हतो. मी ताशी तीसच्या वर नेतच नाही, क्रेट असताना तर नाहीच.

टॉर्कराव
@वस्तीवाला गतिरोधकाला नियम आहे भाऊ. इंडियन रोड्स काँग्रेसचा. १० सेंटीमीटर उंच, ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येची गोलाई. तुम्ही उभी भिंत आडवी टाकलीत. उद्या तिथे बाईकवाला पडला तर?

वस्तीवाला
नियम माहीत आहे. अर्ज दिले, फोटो दिले, खेटे घातले. मंजुरी येईपर्यंत पोराचं प्लास्टर निघून ते पळायला लागलं. आणि ज्याने स्वतःच्या गाडीची स्प्रिंग ग्राइंडरने कापलीय त्याने मला नियम शिकवावा, ही गंमत आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा कधी.

अंबडकर
हे मात्र बसलं. 😄 टॉर्कराव, उत्तर द्या.

टॉर्कराव
तुम्ही हसू नका दादा, तुमचीही गाडी खालीच आहे.

मिसळप्रेमी
गतिरोधक जरा बाजूला ठेवा. मोनोट्यूब (एकाच नळीचे शॉकअप) घेतले की विषय संपतो. गॅसचे असतात, कडक असतात.

बेंचवरचा_माणूस
'गॅसचे म्हणून कडक' हे ऐकून कान किटलेत. गॅसचं काम तेलात फेस होऊ न देणं. मोनोट्यूबमध्ये २० बारच्या आसपास दाब असतो, त्यामुळे दांडा बाहेर ढकलला जातो. १४ मिलीमीटरच्या दांड्यावर तो रेटा ३० किलोच्या घरात जातो. खाली घेतलेली गाडी त्यामुळे केसभर वर येते, लोक म्हणतात कडक झाली. चांगली गोष्ट म्हणजे मोनोट्यूब उलटा बसवता येतो आणि लवकर गार होतो. वाईट गोष्ट म्हणजे बाहेरच्या नळीला दगडाचा पोचा आला की पिस्टन तिथेच अडकतो. आपल्या खडीच्या रस्त्यांना डबल ट्यूब तेवढी नाजूक नाही.

ब्रँड शेवटी बघा. आधी मोजा. गाडी सपाट जागी उभी करा, दांडा दिसत असेल तर त्याला केबल टाय घट्ट बांधून खाली शॉकअपच्या तोंडापर्यंत सरकवा. दांड्यावर कव्हर असेल तर ते काढून. रोजच्या रस्त्याने एक चक्कर मारा. टाय कुठपर्यंत ढकलला गेला ते फूटपट्टीने मोजा. उभ्या गाडीत दांड्याचा निम्मा प्रवास तरी दबायला शिल्लक हवा. नसेल तर आखूड बॉडीचा शॉकअप शोधा, आणि व्हॉल्व्हिंग (आतल्या व्हॉल्व्हची जुळणी) करून घ्यायचं तर करणाऱ्याला गाडीचं रिकाम्या हौद्याचं वजन सांगा, भरलेल्याचं नाही. पाटे जड मालासाठी असतात, तुम्ही फिरवता रिकामी.

मिसळप्रेमी
आणि मागे पाटा आणि ॲक्सलच्या मधे ब्लॉक टाकले तर?

अंबडकर
पाटा ॲक्सलच्या वर असेल तर ब्लॉकने गाडी उचलली जाते. खाली असेल तर खाली येते. वाकून बघा आधी. एक जण ब्लॉक टाकून गाडी वर करून बसला होता आणि 'लोअरिंग किट बोगस आहे' म्हणत फिरत होता.

टॉर्कराव
टाय बांधला काल. द्वारका, तिथून पाथर्डी फाटा, परत घरी. हौदा रिकामा. उभ्या गाडीत दबायला ४१ मिलीमीटर शिल्लक होते. परत आलो तर टाय पार वरच्या कपाला टेकलेला, वाकडा झालेला. म्हणजे ठोका बसत होता आणि मी त्याला स्पोर्टी समजत होतो.

बेंचवाले काका, तुमचं बरोबर आहे असं मी म्हणत नाहीये. टाय खोटं बोलत नाही एवढंच म्हणतोय. काढलेला पाटा गॅरेजमध्येच आहे, रविवारी परत टाकतो, एक इंचावर थांबतो. तरीही बिलस्टीन घेणार नाही.

बेंचवरचा_माणूस
नका घेऊ. पाटा टाकताना सेंटर बोल्ट नवा घ्या, जुना परत वापरू नका. यू बोल्टही. ५०० किलोमीटरनंतर परत आवळा.

शेतकरी१५
पाटा टाकल्यावर हंगामात गाडी भाड्याने मिळेल का? बारा क्रेट, जास्त नाही.

वस्तीवाला
आमच्यासमोरून हळू न्यायची असेल तर मीच भरून देतो क्रेट.