आईचे क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आहे, तरी मूत्रपिंडांची काळजी करावी का?

प्रश्न : मिरजकर
माझ्या आईचे वय ६६, उंची पाच फूट आणि वजन ८२ किलो आहे. रक्तदाबाची गोळी दहा वर्षांपासून चालू असूनही घरच्या यंत्रावर वरचा आकडा बहुधा १५० च्या आसपास असतो. मधुमेह नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) १.१ आले आणि ते अहवालातील मर्यादेत असल्याने घरातले सगळे निश्चिंत झाले; मात्र संध्याकाळी तिच्या पायांवर सूज दिसते आणि लघवीला फेस येतो. वय, वजन आणि रक्तदाब यांचा मूत्रपिंडांवर मिळून काय परिणाम होतो?

उत्तर : एक निवृत्त डॉक्टर
प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणारे साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात. वयाबरोबर त्यांची संख्या घटते आणि नवे तयार होत नाहीत. वजन वाढले की शरीराची गरज भागवण्यासाठी उरलेल्या प्रत्येक नेफ्रॉनला अधिक रक्त गाळावे लागते, त्याच्या आतला दाब वाढतो आणि कालांतराने ती गाळणी जाड व निबर होऊन अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते. उच्च रक्तदाबाने मूत्रपिंडातल्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड होतात. त्यातून पोटावरची चरबी मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावते, त्यामुळे रक्तदाब आणखी चढतो, आणि मूत्रपिंड दुबळे झाले की तो आटोक्यात आणणे अधिकच अवघड होते. पायांची सूज अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीमुळेही येते, म्हणून गोळीचे नाव पाहावे. परंतु स्वतःहून ती बंद करू नये.

उत्तर : प्रयोगशाळेत काम केलेली एक वाचक
क्रिएटिनिन स्नायूंमधून येते, त्यामुळे एकच आकडा सर्वांना सारखा लागू होत नाही. ईजीएफआर म्हणजे मूत्रपिंडे किती वेगाने रक्त गाळतात याचा क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून काढलेला अंदाज. त्याच्या २०२१ च्या सूत्राने १.१ या आकड्यावरून तिशीतल्या पुरुषाचा ईजीएफआर नव्वदच्या आसपास निघतो, तर आपल्या आईंचा सुमारे ५५ येतो. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची तपासणी अवश्य करून घ्या, कारण ते ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम किंवा अधिक असेल तर ईजीएफआर चांगला असतानाही मूत्रपिंडांना इजा होत असू शकते. माझ्या मते ही साधी तपासणी रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाची दरवर्षी व्हायला हवी.

उत्तर : कोल्हापूरहून
माझ्या वडिलांच्या बाबतीत गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅककडे आम्ही कोणीच लक्ष दिले नाही, याची खंत मला आजही आहे. अशा वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि रक्तदाबही वाढतो. दुसरे म्हणजे, लोणचे, पापड आणि फरसाण धरून दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवावे. मात्र ‘कमी सोडियमचे’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये, कारण त्यात पोटॅशियम असते आणि टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या, मूत्रपिंड दुबळे असलेल्या रुग्णात ते धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

मिरजकर
आपणा सर्वांची मी ऋणी आहे. आई आठवड्यातून तीन-चार वेळा गुडघ्यांसाठी गोळी घेते, हे मी प्रश्नात लिहिलेच नव्हते. सोमवारी लघवीची तपासणी करून घेऊन तिच्या सर्व गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांकडे नेते.