महू, महिदपूर, धरमत, रावेरखेडी, असीरगड: इंदूरहून तीन दिवसांत कसं बसवायचं?

पलासियावाला:
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात साताऱ्याची मंडळी येताहेत. राजवाडा, सराफा, छप्पन हे होईलच, पण त्यांना खरा रस लढायांच्या जागांत आहे. हाताशी पूर्ण तीन दिवस, गाडी घरची, सातजणांची. एक काका सत्तरीपुढचे, गुडघे दुखतात. यादी अशी आहे: महूचं इन्फंट्री म्युझियम, महिदपूर, धरमत, रावेरखेडी, असीरगड आणि जमलं तर भानपुरा. क्रम कसा लावावा? महूला साध्या माणसांना आत सोडतात का? आणि महिदपूरला नेमकं उभं कुठं राहायचं? नकाशावर नुसतं गाव दिसतं, रणांगण म्हणून काहीच सापडत नाही.

शिप्राकाठ:
आधी भानपुरा खोडा. यशवंतराव होळकरांची छत्री बघण्यासारखी आहे, पण ती मंदसौर जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला. जाऊन-येऊन सगळा दिवस गाडीतच जाईल. ती चित्तोड-कोटा बाजूच्या सहलीत घ्या.

क्रम माझ्या मते असा: पहिल्या दिवशी धरमत आणि महिदपूर, दुसऱ्या दिवशी महू. लोक उलटं करतात, कारण महू जवळ. पण 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला होळकर ईस्ट इंडिया कंपनीकडून हरले, 6 जानेवारी 1818 ला मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर कंपनीच्या मालकम या सेनानीनं महूला छावणी वसवली. महिदपूर बघून महूला गेलात, तर ती छावणी तिथं का आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता उभं कुठं राहायचं. महिदपूरला ‘लढाईचं मैदान’ म्हणून कुंपण घातलेली जागा शोधू नका, सगळी शेतं आहेत. शोधायची ती क्षिप्रा नदी. हिस्लॉप आणि मालकम यांची कंपनीची फौज एका काठाला आली, होळकरांची फळी समोरच्या काठाला, आणि मधे तोफा ओढून नेण्याजोगा उतार एकच. त्या उतारावर होळकरांच्या तोफा रोखलेल्या. कंपनीच्या हलक्या तोफा पलीकडे नेल्या खऱ्या, पण समोरच्या जड तोफांनी त्या थोड्याच वेळात निकामी केल्या. मग पायदळानं उंच काठाच्या आणि घळीच्या आडोशाला रांगा लावल्या आणि सरळ तोफांवर चाल केली. कंपनीचे मेलेले-जखमी मिळून पावणेआठशेच्या आसपास गेले ते मुख्यतः या टप्प्यात. होळकरांचे गोलंदाज शेवटपर्यंत तोफा सोडून हलले नाहीत. साठाहून जास्त तोफा शत्रूच्या हाती पडल्या.

म्हणून आधी किल्ल्याजवळ नदीकाठी थांबा, दोन्ही काठांच्या उंचीतला फरक बघा, मग पुलावरून पलीकडे जाऊन तोच काठ उलट बाजूनं बघा. नुसता किल्ला बघून परतलात तर लढाई कळणार नाही. जुना उतार आज ओळखू येईलच असं नाही, कारण बंधाऱ्यांमुळं डिसेंबरात पाणी तुंबलेलं असतं. काठाचा चढ मात्र आहे तसाच आहे.

आदल्या दिवशी, 20 डिसेंबरला, होळकरांचा कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना त्यांच्याच लष्करातल्या लोकांनी याच नदीकाठी मारलं. गादीवरचे मल्हारराव होळकर तेव्हा अवघे अकरा वर्षांचे. होळकरांचा सरदार गफूरखान लढाईत मागे का राहिला यावर इंदुरात आजही पैजा लागतात. पुढं मंदसौरच्या तहात त्याला जावरा मिळालं, एवढं कागदावर आहे.

तोफखाना:
वरच्याला जोड. रेल्वेनं जायचा विचार कुणी करत असेल तर ‘महिदपूर रोड’ स्टेशनाला फसू नका. ते नागदा-कोटा मार्गावरचं वेगळंच गाव, महिदपूरपासून बरंच लांब. तिथं उतरून पुन्हा बस किंवा जीप शोधत बसावं लागतं. गाडीनंच जा.

त्या आठवड्यात उज्जैन शहरात शिरूच नका. नाताळ ते एक तारीख महाकालला एवढी गर्दी असते की गाडी पार्किंगमधून निघायलाच तास जातो. शिवाय 2028 च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, तेव्हा बायपासचा फाटा आदल्या रात्री नकाशावर तपासून ठेवा. सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. महिदपूरला दोनच्या आत पोचलात तरच दोन्ही काठ उजेडात होतील.

धरमत सकाळीच करा. गाडी फतेहाबाद चंद्रावतीगंजच्या दिशेनं घाला, इंदूरहून चाळीसेक किलोमीटर. एप्रिल 1658 मध्ये मुघल गादीच्या भांडणात इथं लढाई झाली: औरंगजेब आणि त्याचा भाऊ मुराद एका बाजूला, बादशहा शाहजहानकडून आलेले जोधपूरचे जसवंतसिंह दुसऱ्या. गावाचं फतेहाबाद हे नाव त्या विजयावरूनच. बघायचं काय, तर रतलामचे रतनसिंह राठोड पडले त्यांची छत्री आणि भोवतालची जमीन. जसवंतसिंहांनी चिखलाची, खाचखळग्यांची, अरुंद जागा धरली. बचावाला बरी वाटली, पण त्यांच्याच घोडदळाला पसरायला वाव राहिला नाही. राजपूत औरंगजेबाच्या तोफांपर्यंत भिडले, तोफखान्याचा प्रमुख मुर्शिद कुलीखान मारला, पण मागून दुसरी फळी येऊ शकली नाही. अर्धा-पाऊण तास पुरे.

गाडी डांबरी सोडून शेतात उतरवू नका. काळी माती वरून सुकलेली दिसते, पण गव्हाला पाणी दिलेलं असलं की आतून लोणी. चाक रुतलं की ट्रॅक्टरच लागतो. शेतात शिरायचं तर बांधावरच्या माणसाला विचारा, बहुतेक जण स्वतःच वाट दाखवतात.

महूकर:
इन्फंट्री म्युझियम डिसेंबर 2022 पासून सर्वांना खुलं आहे. तरी ती लष्करी हद्द आहे हे विसरायचं नाही. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ हवं. मोबाइलमधला फोटो फाटकावर चालेलच असं धरू नका. गाडीचे कागद हाताशी ठेवा. कुणी परदेशी पासपोर्टवर असेल तर आधी फोन करून विचारा, नाहीतर एकासाठी सगळे फाटकावर अडकाल. वेळ आणि सुट्टीचा वार निघायच्या आदल्या दिवशी फोनवर पक्का करा, इंटरनेटवरच्या वेळेवर जाऊ नका. लष्करी कार्यक्रम असला की दालनं बंद राहतात.

आत फोटोचे नियम तिथले लोक सांगतील. बाहेर मात्र फाटक, पहारेकरी, वाहनं यांचे फोटो नकोत, आणि ड्रोन तर गाडीतसुद्धा नको.

नीट बघायला तीन तास धरा. माणसं सुरुवातीच्या दालनांत दीड तास घालवतात आणि 1947-48, 1962, 1965, 1971, कारगिल इथवर येता येता दमतात. काकांना बरोबर घेऊन उलट करा: तुम्हाला ज्या काळाचं जास्त वाटतं तिकडं आधी जा. इंदूर-महू वीस-पंचवीस किलोमीटरच, पण राऊच्या बाजूला सकाळी दहानंतर कोंडी होते. साडेआठला निघा.

दुपारी इंदुरात परत आलात तर एमवाय रुग्णालयाच्या आवारातलं 1857 च्या उठावातले अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांचं स्मारक बघून घ्या. 10 फेब्रुवारी 1858 ला त्यांना तिथं फाशी दिली. दहा मिनिटांचं काम.

पलासियावाला:
छान, दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी रावेरखेडी आणि असीरगड दोन्ही होईल का? आणि काका असीरगड चढू शकतील का?

निमाडी:
एका दिवसात दोन्ही करून रात्री इंदूरला परतणं म्हणजे नुसती धावपळ. बुऱ्हाणपूरला मुक्काम करणार असाल तरच दोन्ही घ्या, नाहीतर एकच.

रावेरखेडीचा रस्ता: सिमरोल, भेरूघाट, बडवाह, मोरटक्क्याचा नर्मदा पूल, सनावद, तिथून बेडिया आणि रावेरखेडी. खोळंबा ठरलेला भेरूघाटात. एक ट्रक बंद पडला की दोन तास गेले. सहाला इंदूर सोडा. बाजीराव पेशवे 28 एप्रिल 1740 ला इथंच नर्मदाकाठी गेले. समाधी छोटी, चालणं कमी, काकांना अगदी सोयीचं. खायला तिथं काही मिळेल या भरवशावर राहू नका, सनावदलाच पोटोबा करा. बेडियाची मिरची बाजारपेठ त्या दिवसांत भरात असते. गाडीच्या काचा बंद ठेवा, ठसका लागतो.

असीरगड बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, खांडवा रस्त्यावरच. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, पण वळणं तीव्र. सात माणसं आणि सामान भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये न्या, उतरताना ब्रेक दाबून ठेवू नका. वर गेल्यावर पठार मोठं, जमीन खडबडीत, झाडोरा माजलेला. काकांना मशिदीपर्यंत न्या, तटाकडे बाकीचे जाऊन येतील.

1819 मध्ये शिंद्यांचे किल्लेदार यशवंतराव लाड यांनी हा गड कंपनीविरुद्ध लढवला, एप्रिलात तो पडला. गड एक नाही, तीन पदरी आहे: खाली मलयगड, मधे कमरगड, वर असीरगड. खालचा कोट गेला तरी वरचा का झुंजत राहतो, ते चढताना थांबून खाली बघितलं की दिसतं. म्हणून गाडी सरळ माथ्यावर नेऊ नका, मधे जागा मिळेल तिथं एकदा उतरा.

काका असताना मी रावेरखेडीच घेईन आणि परतीला महेश्वर जोडीन. अहिल्याबाईंचा वाडा तिथंच आहे. घाटाच्या पायऱ्या बऱ्याच आहेत, तेव्हा त्यांना वाड्याच्या बाजूनं सोडा आणि गाडी मग खाली घाटाकडे आणा.