कौलारू घराची जुनी पन्हळ: डागडुजी करावी की नवी बसवावी?

परसदार

नमस्कार. देवगड तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नाही अशा ठिकाणी, आमचे जांभ्याच्या भिंतींचे आणि मंगलोरी कौलांचे जुने घर आहे. पुढच्या पाख्याला (छपराच्या उतरत्या बाजूला) एक, मागच्या पाख्याला एक आणि मूळ घराला नंतर जोडलेले स्वयंपाकघर जिथे काटकोनात मिळते तिथल्या खोलगट भागात एक, अशा गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या तीन पन्हळी आहेत आणि तिन्ही वीस वर्षांहून जुन्या आहेत. पुढची पन्हळ सांध्यांतून गळते आणि तिच्या मध्यभागी पाणी साचून राहते. मागचीचा तळ गंजला असून त्याला जागोजागी बारीक भोके पडली आहेत. कोपऱ्यातली पन्हळ कौलांखाली असल्याने नीट दिसत नाही, पण तिच्या शेजारचा वासा दर पावसाळ्यानंतर अधिक काळा पडलेला दिसतो. एका कारागिराच्या मते तिन्ही काढून पीव्हीसीच्या बसवाव्यात. दुसरा म्हणतो की डांबरी पट्टी चिकटवली की आणखी चार वर्षे काळजी नाही. आम्ही पुण्यात राहतो आणि एप्रिलमध्ये शाकारणीसाठी गावी जाणार आहोत. कोणती पन्हळ दुरुस्त करावी आणि कोणती बदलावी, हे ठरवण्याचा काही भरवशाचा निकष आहे का?

चोवीस_गेज

वय हा निकष धरू नये, कारण एकाच दिवशी बसवलेल्या तीन पन्हळी तीन निरनिराळ्या कारणांनी बिघडू शकतात, आणि आपल्याकडे नेमके तेच झालेले दिसते.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे आयुष्य त्याच्यावरच्या जस्ताच्या थरावर अवलंबून असते. दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 275 ग्रॅम जस्त असलेल्या चांगल्या पत्र्यावर एका बाजूला जेमतेम 19 मायक्रॉनचा थर असतो, तर 120 ग्रॅमच्या स्वस्त पत्र्यावर तो साडेआठ मायक्रॉनच्या आत असतो. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या, दमट हवेत जस्त वर्षाला साधारण 2 ते 4 मायक्रॉन झिजते, त्यामुळे चांगला थरही पाच ते दहा वर्षांत संपतो आणि मग खालच्या पोलादाची पाळी येते. आंब्याफणसाचा पाला ज्या पन्हळीत महिनोन्महिने ओला पडून राहतो, तिथे हे सारे आणखी लवकर घडते.

म्हणून शिडी लावून पाला काढा, तळ तारेच्या ब्रशने घासा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हातभर अंतरावर दाबून पाहा. पांढरी भुकटी निघाली तर जस्त अजून शिल्लक आहे. लाल डाग असूनही पत्रा दाबाला दाद देत नसेल तर घासून, जस्तयुक्त प्रायमर लावून तो काही वर्षे वापरता येतो. मात्र पापुद्रे सुटत असतील किंवा टोक आत शिरत असेल, तर त्या लांबीत दुरुस्तीवर खर्च करण्यात अर्थ नाही. मागची पन्हळ बहुधा या शेवटच्या प्रकारात मोडते, कारण दिसणाऱ्या प्रत्येक भोकाच्या अवतीभोवतीचा पत्राही तेवढाच झिजलेला असतो आणि एक भोक बुजवले की पुढच्या वर्षी शेजारी दुसरे पडते.

पुढच्या पन्हळीचा दोष मला पत्र्यापेक्षा उताराचा वाटतो. मध्ये पाणी साचते, याचा अर्थ तिथले ब्रॅकेट वाकले आहेत किंवा ते ज्या फळीला ठोकले आहेत ती फळी कुजली आहे. दोरी आणि पाणसळ लावून दर मीटरला सुमारे 5 मिलिमीटर उतार मिळेल असे ब्रॅकेट पुन्हा बसवावेत, त्यांच्यातले अंतर दोन-अडीच फुटांपेक्षा जास्त ठेवू नये आणि त्यानंतरच सांध्यांना हात घालावा. सांधे उघडून, जुना मसाला पूर्ण खरवडून, पॉलियुरेथेन सीलंट भरून पुन्हा रिव्हेट मारावेत. एम-सील तिथे टिकत नाही, कारण ते कडक होते आणि पत्रा उन्हात लांबला की त्याला तडा जातो. सिलिकॉन वापरायचेच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारे घेऊ नये, त्यातून सुटणारे आम्ल जस्ताला खाते.

वळचणीचे_पाणी

वरील उत्तर पन्हळीपुरते बरोबर आहे, पण मागच्या पाख्याला पन्हळ हवीच का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यातली जुनी घरे पन्हळींशिवायच उभी होती. छपराची वळचण भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे काढलेली असे, पागोळ्या अंगणात पडत आणि त्या जिथे पडत तिथे दगडाची ओळ बसवून पाणी उताराने बाहेर काढले जाई. आपली मागची वळचण तेवढी पुढे असेल, जोते पुरेसे उंच असेल आणि मागे कोणाच्या येण्याजाण्याची वाट नसेल, तर गंजलेली पन्हळ काढून टाकावी आणि तिच्या पैशात पागोळ्यांच्या रेषेखाली काळ्या दगडाची चर बांधून घ्यावी. तिथे माणूस वर्षातून दोनदाच फिरकणार असेल तर हे अधिकच योग्य, कारण पाल्याने तुंबलेली पन्हळ मागच्या काठावरून भरून वाहते आणि ते पाणी थेट वाशांच्या टोकांवर जाते.

वळचण आखूड असेल तर मात्र हा मार्ग नको. जमिनीवर आपटून उडालेले पाणी गिलावा नसलेला जांभा शोषून घेतो, आणि ती ओल दिवाळीपर्यंत भिंतीतून जात नाही.

चोवीस_गेज

हे मान्य आहे. वळचण मोजूनच ठरवावे. पुढे दारावर आणि पायऱ्यांवर पन्हळ लागतेच.

आढे_आणि_वासे

आपण कोपऱ्यातल्या पन्हळीला तिसऱ्या क्रमांकावर ठेवले आहे. माझ्या मते ती पहिल्या क्रमांकावर हवी. काठावरची पन्हळ गळली तर पाणी अंगणात पडते, कोपऱ्यातली गळली तर ते घरात आणि लाकडात जाते. वासा दरवर्षी अधिक काळा पडतो आहे, हा पुरेसा पुरावा आहे. शाकारणीच्या वेळी कौले उतरवलेलीच असतात, तेव्हा दोन्ही बाजूंची कौले आणि रिपा काढून ती पूर्ण बदलावी. इथे डांबरी पट्टी लावणे म्हणजे दोष झाकून ठेवणे आहे, कारण पट्टीखाली शिरलेले पाणी वाळत नाही आणि पत्रा आतून गंजत राहतो. काळ्या पडलेल्या वाशात पटाशीचे टोक सहज शिरत असेल तर वासाही त्याच वेळी बदलून घ्यावा.

नवी पन्हळ जाड ॲल्युमिनियमची करावी आणि कौलांखाली दोन्ही बाजूंना निदान सहा इंच जाईल एवढी रुंद घ्यावी. तिचे काठ वर वळवून घ्यावेत, म्हणजे वाऱ्याने ढकललेले पाणी उलट चढणार नाही. गवंडी कापलेली कौले सिमेंटमध्ये बसवण्याचा आग्रह धरतात. ओले सिमेंट ॲल्युमिनियम आणि जस्त दोन्हींना खाते, त्यामुळे सिमेंटचा माल पत्र्याला लागू न देण्याची ताकीद आधीच द्यावी, आणि शक्य असेल तर त्या वेळी स्वतः उभे राहावे.

पीव्हीसी गंजत नाही हे खरे, पण दहा मीटर लांबीची पीव्हीसी पन्हळ तापमानात तीस अंशांचा फरक पडला की जवळजवळ दोन सेंटिमीटर लांबते, तर पोलादी पन्हळ चार मिलिमीटरच्या आत राहते. सांध्यांत रबरी गॅस्केट आणि सरकायला जागा ठेवणारी पद्धत असेल तरच ती घ्यावी. सगळे सांधे सोल्युशनने चिकटवणाऱ्याला काम देऊ नये. शिवाय परसात माड असतील तर उन्हाने ठिसूळ झालेल्या पीव्हीसीवर एखादी झावळी पडली तरी ती तडकू शकते.

परसदार

सर्वांचे आभार. मागची वळचण अडीच फुटांची आहे आणि तिकडे कोणाची वाट नाही, तेव्हा तिथली पन्हळ काढून चर बांधायचे ठरवले आहे. कोपऱ्यातली ॲल्युमिनियमची करून घेऊ. पुढच्या पन्हळीबद्दल एक शंका उरते: ती दहा मीटर लांब आहे, पाख्याचे आडवे क्षेत्र सुमारे 50 चौरस मीटर आहे आणि एका टोकाला एकच 75 मिलिमीटरचा पाइप आहे. तो पुरेसा आहे का?

चोवीस_गेज

नाही. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी देतो. तासाला 100 मिलिमीटर वेगाची सर आली, आणि आपल्याकडे अशी सर थोडा वेळ तरी येतेच, की 50 चौरस मीटरवरून तासाला 5000 लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 1.4 लिटर पाणी येते, आणि ते एकट्या 75 मिलिमीटरच्या पाइपाला झेपत नाही. दोन्ही टोकांना 100 मिलिमीटरचे पाइप द्यावेत आणि उतार मध्यापासून दोन्हीकडे काढावा. एकाच बाजूला उतार दिल्यास दहा मीटरमध्ये पन्हळ पाच सेंटिमीटर खाली जाते आणि खालच्या टोकाला कौलाच्या काठापासून इतकी दूर राहते की जोराच्या पावसात पाणी तिच्यावरून उडून पलीकडे पडते; मध्यापासून उतार दिल्यास हा फरक अडीच सेंटिमीटरवर येतो. पाइपाच्या तोंडावर तारेची घुमटाकार जाळी बसवावी, सपाट जाळी एका फणसाच्या पानाने बंद होते. पत्रेकाम करणाऱ्याला मात्र फोन आताच करून ठेवा, कारण मृग जवळ आला की तो कोणालाही मिळत नाही.